पुंडू सारंग होडी बघायला येतो

दुपारचं जेवण झालं आहे. सुरमईचं सार पोटात आहे, पंखा डोक्यावर आहे, आणि फिरावं की नाही या विचारात तो फिरतो आहे. मी पडवीतल्या खाटेवर बनियन घालून उताणा पडलो आहे. छातीवर उघडं वर्तमानपत्र. याच वर्तमानपत्रात दर रविवारी मी जिल्ह्यातल्या थोरामोठ्यांची टिंगल करायचो. आता त्याचा मला एवढाच उपयोग उरला आहे की माशा अंगावर बसत नाहीत.

"दिगू चिंदरकर उद्या येतोय कटर घेऊन," स्वयंपाकघरातून कालिंदी म्हणते. "तेव्हा तुम्ही घरात बसायचं. अंगणात यायचं नाही, भाषण करायचं नाही."

"मी कशाला भाषण करू?"

"मागच्या वेळी केलंत. तो बिचारा रडवेला होऊन परत गेला."

हे खरं आहे. पण मागच्या वेळी मला वाटत होतं की कोणीतरी हौसाला घेऊन जाईल. हौसा म्हणजे माझी शिडाची होडी. ती पाण्यात होती तेव्हा तिला होडी म्हणायचे. अंगणातल्या माडाखाली येऊन पडल्यापासून तिला 'ते' म्हणतात. ते कधी काढताय, त्यात साप आहे का, त्यामुळे गाडी वळत नाही. तळाच्या फळ्या अशा कुजल्या आहेत की कोंबडी एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते, मध्ये होडी लागलीच नाही अशा चेहऱ्याने. फुकट न्या म्हटलं तरी कोणी नेईना. फुकट म्हटलं की आमच्याकडे लोक आधी खोट शोधतात, आणि हौसाची खोट शोधावी लागत नाही. तेव्हा उद्या तिचे तुकडे होणार आणि ते न्हाणीघराच्या बंबात जाणार. मी याला होकार दिला आहे. म्हणजे गप्प बसलो आहे. आमच्या घरात दोन्हींचा अर्थ एकच.

कालिंदी भांडी लावते आहे. एक भांडं, दुसरं भांडं, मग त्यांचा आवाज लांब जातो, जसा काही कोणी स्वयंपाकघरच उचलून पलीकडच्या वाडीत नेतं आहे.

पडवीच्या पायरीवर ओल्या पायांचा आवाज येतो.

कोणीतरी माझ्या पायांशी येऊन खाटेवर बसतं. खाट करकरत नाही. माझी खाट मांजर बसलं तरी करकरते.

"जना, निजलंस काय रे?"

"निजतोय," मी म्हणतो.

"मगे बरा. जाग्या माणसाशी बोलूक गावणा नाय."

आवाज पुंडू सारंगचा आहे. मी डोळे उघडत नाही, तरी तो दिसतो आहे. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात पंचा, आणि पंच्याच्या टोकातून पाणी ठिबकतं आहे. पुंडू आणि मी एका वर्गात होतो. तो शाळा सोडून बापाबरोबर होड्या बांधायला गेला आणि मी शाळा न सोडता वाया गेलो. बँकेतली नोकरी संपवून मी गावी परतलो तेव्हा हौसा त्यानेच मला बांधून दिली, शीड धरायलाही त्यानेच शिकवलं. गेल्या दसऱ्याआधी तो वारला. छाती भरली होती. स्मशानात मी त्याच्याबद्दल चार शब्द बोललो. लोक हसले, आणि तेराव्यालाही बोला म्हणाले.

हे सगळं मला आठवतं आहे. त्यामुळे तो इथे का, हे विचारायला हवं. पण दारात आलेल्या माणसाला तू मेलास ना असं विचारणं बरं दिसत नाही.

"चहा घेणार?" मी म्हणतो.

"नको. होडी मोडतंस म्हणान आयकलंय."

"कोणाकडून?"

"होडीकडसून."

पुंडू पंचा पिळतो. खाली जमिनीवर पाणी पडतं, पण फरशी ओली होत नाही.

"चल," तो म्हणतो. "दाखय माका."

पडवीला उतरायला दोन पायऱ्या आहेत. मी दोन उतरतो, आणि पुढे आणखी आहेत. पुढच्यांवर शेवाळ आहे. आम्ही उतरत राहतो. पुंडू पुढे, मी कठडा धरून मागे, कारण माझा उजवा गुडघा दुखतो आणि पायऱ्या उतरताना तर तो मला शिव्याच घालतो. पायऱ्या संपतात तिथे तालुक्याचं एस.टी. स्टँड आहे.

स्टँड आमचंच आहे. तीच पोपटी भिंत, तेच थुंकू नका. फक्त फलाटावर घोट्याएवढं पाणी आहे, आणि बाकांवर लोक मांडीवर पिशव्या घेऊन बसले आहेत. पाय पाण्यात आहेत, पण कोणी पाय वर घेत नाही. गाडी लागते त्या जागी हौसा उभी आहे, तिच्यावरची ताडपत्री कोणीतरी काढून ठेवली आहे. कंट्रोलरच्या खिडकीतून कर्णा खरखरतो.

"जनार्दन मिठबांवकर. जनार्दन मिठबांवकर यांनी होडीजवळ यावं."

मी होडीजवळच आहे. तरी कर्णा पुन्हा तेच म्हणतो, जरा समजुतीच्या आवाजात.

पुंडू गिऱ्हाइकासारखा होडीभोवती फिरतो. बोटाच्या पेराने फळ्या वाजवून बघतो. त्याच्या हाताची बांधलेली होडी, पण चेहरा असा की पहिल्यांदाच बघतो आहे.

"हंय कुजली."

"माहीत आहे."

"हंयसुद्धा."

"तेही माहीत आहे."

"मगे तू तिची काळजी काय घेतलंस?"

"वर ताडपत्री घातली होती ना."

"ती मेल्यार घालतत."

तो नाळेपाशी जातो. नाळ म्हणजे होडीचं नाक. तिथे मी हौशीने पिवळ्या रंगात तिचं नाव लिहून घेतलं होतं, त्यातला एक काना तेवढा शिल्लक आहे. पुंडू त्यावर अंगठा फिरवतो.

"माका दी ही," तो म्हणतो.

"तुला कशाला?"

"आमच्याकडे होडी नाय. पाणी आसा, होडी नाय."

"मग तुम्ही तिथे करता काय?"

"काठार बसतंव."

"आणि?"

"आणि काय? बसतंव."

पुंडू सारंग आयुष्यात कधी काठावर बसलेला मी पाहिला नाही. जेवायलासुद्धा तो उकिडवा बसायचा, मध्येच कोणी हाक मारली तर उठायला बरं म्हणून. मला भडभडून येतं. आणि दुसरंही एक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. इतके महिने मी हिला फुकट न्या म्हणून गावभर फिरतो आहे, आणि होडी म्हणून मागणारं हे पहिलं गिऱ्हाईक.

"ने बाबा," मी म्हणतो. "तुझीच आहे. ने."

बाकांवरचे सगळे लोक माझ्याकडे वळून बघतात. सगळे एकदम. पिशव्या हलत नाहीत, फक्त माना.

"शब्द दिलंस?" पुंडू हळू विचारतो.

"दिला."

"मगे चल. पोचवूक व्हयी."

आता माझ्या लक्षात येतं की मी काय केलं आहे.

आमच्या बंदरवाडीत होडी नुसती देत नाहीत. पोचवतात. जो देतो, त्याने स्वतः सुकाणू धरून ती घेणाऱ्याच्या धक्क्यापर्यंत न्यायची. घेणारा समोर बसतो आणि हात लावत नाही. होडीचा तळ त्याच्या वाळूला लागला की तो 'पोचली' म्हणतो, आणि मग देणारा त्याच्या काठावर उतरतो. घेणाऱ्याने 'पोचली' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, आणि त्यानेही तळ लागल्याशिवाय म्हणायचं नाही. मध्येच पाण्यात म्हटलं तर होडी त्याची होते खरी, पण अशा होडीला मग कुठलाच धक्का लाभत नाही असं मानतात. म्हणून कोणी म्हणत नाही. हौसा पुंडूने मला अशीच पोचवली होती. माझ्या धक्क्यावर उतरला, नारळाच्या पाण्याने तोंड धुतलं, आणि चालत आपल्या घरी गेला.

पुंडूच्या आत्ताच्या काठावरून माझ्या घरी चालत यायचा रस्ता मला ठाऊक नाही. आहे की नाही, हेही.

"पुंडू, आज राहू दे," मी म्हणतो. "आज कालिंदीला सांगितलेलं नाही."

"शब्द दिलंस मा रे."

आम्ही खाडीत आहोत. स्टँड कुठे गेलं ते मी पाहिलं नाही. मी मागे बसलो आहे, माझ्या हातात सुकाणूची दांडी आहे, आणि समोर पुंडू मांडी घालून बसला आहे, हात मांडीवर, नियमाप्रमाणे. डोलकाठीला माझ्या खाटेवरची चादर शीड म्हणून बांधलेली आहे. कालिंदीने तिच्या कोपऱ्यात धोब्यासाठी घातलेली लाल दोऱ्याची खूण मला दिसते. चादर वाऱ्याने फुगली आहे. अंगाला वारा लागत नाही.

तळातून पाणी येतं आहे. मी एका हाताने वर्तमानपत्राने ते उपसायचा प्रयत्न करतो. वर्तमानपत्र भिजून त्याचा लगदा होतो.

"उपसू नको," पुंडू म्हणतो. "जरा थांब."

काठ दोन्ही बाजूंनी मागे सरकत आहेत. डावीकडे खारफुटीत आमच्या शाळेच्या खिडक्या. त्यापुढे बँकेचा काउंटर, त्याच्यामागे कोणी नाही, आणि तरी रांग लागलेली आहे. उजवीकडे पुंडू वारला त्या हॉस्पिटलचा लांब वॉर्ड, पाण्यावर उभा असलेला, खिडक्या उघड्या. तिसऱ्या खिडकीत रिकामी खाट आहे, आणि खाटेशेजारी ऑक्सिजनची नळी आपली आपण हलते आहे. मी बघतो. पुंडू त्या बाजूला बघत नाही. तो नाकासमोर बघतो, मोठ्या माणसाचा अपमान होत असताना शेजारचे बघतात तसा.

तेव्हा एक आवाज येतो.

घर्रर्र. पाण्याखालून, लांबून. थांबतो, पुन्हा येतो. सुकाणूची दांडी माझ्या हातात थरथरते.

"काय आहे ते?"

पुंडू कान देतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद येतो, आणि तो आनंद मला अजिबात आवडत नाही.

"हौसा सुटता," तो म्हणतो. "थंय सुटली की हंय येता."

मी खाली बघतो. तळातलं पाणी थांबलं आहे. जिथे भोक होतं तिथे फळी आहे. कुजकी नाही, ताजी, करवतीचा वास येणारी. घर्रर्र. दुसरी फळी येते. कडेवर हिरवा रंग चढत जातो, उन्हं चढावीत तसा. पुढे नाळेवर पिवळी अक्षरं एकेक करून उजळतात. पुंडूला राहवत नाही. होडीला हात लावायचा नाही हा नियम विसरून तो कुठून तरी काजूच्या तेलाचा डबा ओढतो आणि दोन्ही हातांनी फळ्यांना तेल चोळायला लागतो, काळंभोर, कोपरापर्यंत. असा तो आमच्या लहानपणी बापाच्या होड्यांना चोळायचा.

"बघ," तो म्हणतो. "बघ कशी दिसता."

दिसते छान. मी पाय पसरून नीट बघायला लागतो, आणि बघता बघता माझ्या ध्यानात येतं की उजवा गुडघा दुखत नाही.

मी तो वाकवतो. वाकतो. पुन्हा वाकवतो. कटकट नाही, कळ नाही. माझ्या वयाला असा गुडघा म्हणजे चोरीचा माल. क्षणभर मी खूश होतो, लपवायला नको. मग चष्मा काढून बघतो. पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. जीभ दातांवरून फिरवतो. सगळे आहेत. कवळी नाही, दात आहेत.

"पुंडू," मी म्हणतो, "माझा गुडघा बरा झाला."

"होतलोच. हंय सगळे बरे होतत."

"तुझा खोकला?"

"खोकलो नाय."

घर्रर्र.

मी समोर बघतो. काठावर माणसं बसली आहेत. लांबच लांब रांग, पाण्याकडे तोंड करून. ताठ पाठी, चांगले कपडे, कोणाच्या हातात काठी नाही, कोणाच्या डोळ्यावर चष्मा नाही. कोणी कोणाशी बोलत नाही. आमची होडी येताना दिसते आहे, तरी कोणी हात वर करत नाही, कोण आलं रे असं कोणी विचारत नाही. बंदरवाडीत होडी येते तेव्हा आधी शिव्या ऐकू येतात आणि मग माणसं दिसतात.

मी दांडी वळवून बघतो. होडी वळत नाही. दांडी माझ्या हातात आहे, एवढाच तिचा माझा संबंध.

"मला तिथे उतरायचं नाही," मी म्हणतो.

पुंडू तेल चोळायचा थांबतो.

"माका ठावक आसा."

"मग?"

काठ जवळ येतो आहे. वाळू पांढरी आहे, तिच्यावर पाऊल उमटलेलं नाही.

"होडी व्हयी होती ता खरा," तो म्हणतो. "पण नुसती होडीच व्हयी होती असा नाय. थंय कोण हसणा नाय, जना. एवढी माणसा, पण कोण हसणा नाय. तू असतंस तर..."

तेलाने काळे झालेले हात तो मांडीवर ठेवतो आणि लहान मुलासारखा त्यांच्याकडे बघतो.

मला त्याचा राग येत नाही. आला असता तर सोपं झालं असतं. आयुष्यात मला कोणी एवढ्या लांबून न्यायला आलेलं नाही. साहित्य संमेलनवाल्यांनीसुद्धा मला एस.टी.ने या म्हणून कळवलं होतं.

"पुंडू, त्या लोकांना काही दुखतं का?" मी विचारतो.

"नाय."

"गटार तुंबतं? लाइट जाते? सरपंच आहे का कोणी?"

"कसलो सरपंच."

"सून? जावई? शेजारी कुंपण सरकवतो का?"

"कुंपणच नाय."

"मग मी तिथे काय करू?" मी म्हणतो. "माझा सगळा धंदा दुसऱ्याच्या दुखण्यावर. ज्याचं कुठेच काही दुखत नाही त्याला मी कशावर हसवू? तुझ्या शेजारी बसेन, ताठ. दोन दिवसांनी तुला कळणारही नाही की रांगेतला जना कुठला."

पुंडू काठाकडे बघतो. मग माझ्याकडे. माझ्या नव्या दातांकडे. त्यांच्याकडे बघताना त्याचा चेहरा जरा उतरतो.

"होडीक कोण कोण बघूक इला होता?" तो एकदम विचारतो. "सांगलंस म्हणान मरणार नाय तू. वायच सांग."

काठ आता इतका जवळ आहे की बसलेल्यांची नखं दिसतात. मी सांगतो. दुसरं काय करणार.

"तो रिसॉर्टवाला आला होता. शहरातला, पांढऱ्या पँटीतला. नंतर तळ बघून पळाला, आधी मात्र म्हणाला, काका, आम्हाला ही होडी हवी, पण पाण्यात नको. हॉलमध्ये ठेवणार. म्हटलं, कशाला? तर म्हणाला, कोशिंबिरीला."

"कित्याक?"

"कोशिंबिरीला. होडीत बर्फ भरायचा आणि बर्फावर काकड्या. पाहुणे बशा घेऊन भोवती फिरणार. नाळेवर टोमॅटोचं गुलाब करून ठेवणार होता. मला विचारलं, मूळ कारागीर कोण? म्हटलं, पुंडलिक सारंग. म्हणाला, नाव छान आहे, पाटी लावू. पुंडलिक सॅलड."

पुंडू माझ्याकडे बघत राहतो. त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलतं.

"मगे तू काय म्हटलंस?"

"मी म्हटलं, कारागीर मुळा खात नव्हता, तेवढं सांभाळा. तर त्याने लिहून घेतलं."

आधी त्याचे खांदे हलतात. मग पोट. मग पुंडू सारंग हसतो, आमच्या वर्गात हसायचा आणि मास्तर मला मारायचे तसं. हसता हसता त्याचा श्वास अडकतो, आणि छातीतून तो जुना खोकला येतो. खरखरीत, खोल, फरशीवर पितळी घागर ओढत न्यावी तसा. काठावरची माणसं माना वळवतात. खोकला ऐकून त्यांच्यातला एक जण स्वतःच्या छातीवर हात ठेवतो, काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखा. पुंडू डोळे पुसतो, गालांवर तेलाचे पट्टे उमटतात.

"खोकलो इलो मा रे," तो म्हणतो. त्याच्या आवाजात आश्चर्य आहे. "किती दिवसांनी."

आणि माझा गुडघा ठणकतो. बारीक, आतल्या बाजूने, नेहमीच्या जागी.

वाळू हातभर लांब आहे. पाणी इतकं नितळ की होडीची सावली वाळूला लागलेली दिसते. होडी अजून लागायची आहे. पुंडू उठून उभा राहतो, माझ्या पाठीमागे येतो, आणि माझ्या हातावरून हात घालून सुकाणूची दांडी धरतो.

"पोचली," तो म्हणतो.

"पुंडू, तळ लागला नाही अजून."

"माका दिसता ता."

"मग तुला धक्का मिळायचा नाही. तुला उतरता येणार नाही कुठेच."

"उतरान काय करतलंय? बसतलंय?" तो म्हणतो. दांडी वळते. त्याच्या हातात लगेच वळते. हौसा काठाला पाठ दाखवून उभी राहते. चादर दुसऱ्या अंगाला भरते आणि तिला वारा लागतो. आता मलाही लागतो, खारा, भरतीचा. "उतर तू."

"इथे? खोल किती आहे?"

"खाटेएवढा."

मी कडेवर उभा राहतो. खाली पाणी काळं आहे. माझं धाडस होत नाही. मी मागे वळून काहीतरी बोलणार असतो. काय ते मला माहीत नाही. चार शब्द. स्मशानात सुचले होते ते नव्हेत.

"भाषण नको," पुंडू म्हणतो, आणि पाठीत हात घालून मला ढकलतो.

कालिंदी चहाचा कप घेऊन उभी आहे.

पंखा फिरतो आहे. वर्तमानपत्र खाली पडलं आहे, कोरडं. चादर माझ्या खाली आहे, लाल दोऱ्याची खूण कोपऱ्यात आहे. उन्हं उतरली आहेत. पडवीत करवतीच्या भुश्शाचा वास आहे.

"दिगू आजच येऊन गेला," ती म्हणते. "उद्या त्याच्याकडे कोणाचं तरी लग्न निघालं. तुम्हाला उठवणार होते. पण म्हटलं, उठलात की पुन्हा भाषण. आणि तुम्ही झोपेत इतके हसत होतात, मला उठवावंसं वाटेना."

"मी हसत होतो?"

"मोठ्याने. दिगूने मशीन बंद करून विचारलं, काका कोणाशी बोलतायत."

मी खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडतो. गुडघ्यातून अशी कळ येते की डोळ्यांत पाणी यावं. मी ती पूर्ण येऊ देतो. मग उठून पडवीच्या दारात जातो. पायऱ्या दोन आहेत. अंगण मोकळं आहे, माडाखाली लाकडांचा नीट रचलेला ढीग आहे, आणि कोंबडी जिथून रोज आत शिरायची तिथे येऊन थांबली आहे, आता कुठून बाहेर पडायचं या विचारात.

"वाईट वाटलं का?" कालिंदी मागून विचारते. तिने हे विचारायचं ठरवलेलं असावं, कारण चहा निवत आला आहे.

"नाही," मी म्हणतो. "कोणीतरी घेतली ती."

"काय बोलताय? ती काय पडली आहेत लाकडं." ती जवळ येते आणि थांबते. "आणि हे पाठीला काय लावून घेतलंत?"

"काय आहे?"

"काळं. काढा आधी बनियन."

मी बनियन काढतो आणि आम्ही दोघं ते दारातल्या उजेडात धरतो. दोन खांद्यांच्या मधोमध हात उमटला आहे. पूर्ण पंजा. पाच बोटं वर, तळवा खाली. काळंकुट्ट तेल, कडेला तपकिरी होत गेलेलं. मी मागे जाऊन चादर बघतो. चादरीवर काही नाही.

कालिंदी वास घेते. "काजूचं तेल," ती म्हणते. "हे कुठून आलं? आपल्याकडे कोण आणतं आता?"

मी शास्त्रीय दृष्टी ठेवून स्वतःचा हात स्वतःच्या पाठीवर तिथे न्यायचा प्रयत्न करतो. वरून करतो, खालून करतो. कालिंदी नेहमीप्रमाणे हसत नाही. ती बनियन खाटेवर पसरते, सुरकुत्या काढते आणि आपला पंजा त्या पंजावर ठेवून बघते. तिचा हात त्यात हरवून जातो. मोजायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ ती तो तिथेच ठेवते.

मग उचलून उजेडात धरते. तेल अजून ओलं आहे.